सलग रेघ

रेघोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. आईवडिलांनी चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं, ते पगारपत्रकावर चढलं आणि तिथेच राहिलं. उत्खनन खात्याच्या कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याला रेघोबा म्हणायचे, कारण बत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नाही. जमिनीतून निघालेली वस्तू समोर ठेवायची, मोजायची आणि कागदावर तिची रेघ काढायची. खापर असो, बांगडी असो, हाडाची सुई असो, रेघोबाच्या टेबलावरून गेल्याशिवाय ती पुस्तकात जायची नाही.

"फोटो काय, कुणीही काढतो," उत्खननाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते पाहुण्यांना सांगायचे. "पण फोटोला भांड्याची जाडी दिसत नाही. ती आमच्या रेघोबाला दिसते."

खिडकीखालचं टेबल त्याचं. टेबलावर वाळूचा ट्रे, तुकडा हवा तसा उभा राहावा म्हणून. पितळी दात्यांची एक पट्टी होती, ती भांड्याला टेकवली की दाते मागे सरून त्या भांड्याचा आकार धरत. शाईची पेनं, ब्लेड, आणि एक खोडरबर. खोडरबराचं तर त्याला वेड होतं. आधी पेन्सिलीने काढायचं, मग शाई फिरवायची आणि मग पेन्सिल अशी पुसून काढायची की कागद उजेडात धरला तरी मागमूस दिसू नये. कच्चं काही मागे ठेवणं त्याला घाणेरडं वाटायचं.

ह्या धंद्याचा एक नियम आहे, आणि गोष्ट सगळी त्याच्यावरच आहे म्हणून तो आधीच सांगून टाकतो. जे डोळ्यांनी दिसलं ते सलग रेघेने काढायचं. जे मिळालं नाही, पण असावं असं वाटतं, ते टिंबाटिंबांच्या रेघेने. टिंबं म्हणजे कबुली: इथून पुढे आमचा अंदाज आहे बरं का, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. बाकी सगळं चुकलं तरी चालतं, हे चुकून चालत नाही.

रेघोबाची बायको एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती पहाटे निघायची, तो दहाला. ती तीनला यायची, तो सहाला. नवराबायकोची खरी भेट व्हायची ती कपडे वाळत घालताना, चादरीचं एक टोक तिच्या हातात आणि एक ह्याच्या. तिने त्याच्या कामाबद्दल कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर दोन तास गेले असते. त्याने तिच्या कामाबद्दल विचारलं नाही, कारण स्वयंपाकघरात विचारण्यासारखं असतं काय, असं त्याला मनापासून वाटायचं. शहाणी म्हणवणारी माणसं अशी असतात.

तर त्याच्या सातव्या हंगामात एका साध्या घराच्या खड्ड्यात, चुलीला लागून, काळ्या खापराचे चौदा तुकडे निघाले. ते जोडायचं काम डिंक्याचं. डिंक्या म्हणजे कचेरीतला जोडारी, बोटं कायम चिकट, हात मिळवला की सोडवून घ्यायला लागायचा. त्याने चार दिवसांत तुकडे जुळवले आणि समोर जे उभं राहिलं ते बघायला सगळी कचेरी गोळा झाली. वीतभर उंचीची पोकळ वस्तू. एका बाजूला ताटलीएवढं पसरट तोंड, दुसऱ्या बाजूला निमुळता गळा, तोही आरपार उघडा. आणि गळ्याच्या जरा खाली गोल फेर धरून अकरा भोकं.

"हे आहे तरी काय?" मोठ्या सरांनी विचारलं.

मग आठ दिवस उत्खननाच्या तळावर दुसरा विषय नव्हता. पहारेकरी म्हणाला, कोंबडीची पिल्लं झाकायचं झाकण. डिंक्या म्हणाला, दिव्यावरचं. शिपाई म्हणाला कर्णा आहे, नुसता म्हणाला नाही तर तोंडाला लावून फुंकून बघितला आणि सरांच्या शिव्या खाल्ल्या. नवव्या दिवशी सरांनी ती वस्तू उचलली, उलटी केली, पसरट तोंड वर आणि गळा खाली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चषक आहे हा. उंच बुडाचा चषक. खालचं बूड तुटलंय. आत निखारे, भोकांतून हवा, वरून धूर. धूपाचा चषक!"

सर आनंदात निघून गेले आणि वस्तू रेघोबाच्या टेबलावर आली. त्याने सवयीप्रमाणे गळ्याच्या काठावरून अंगठा फिरवला. तुटलेला काठ अंगठ्याला टोचतो, अडवतो. हा काठ गुळगुळीत होता. पुन्हा फिरवला. गुळगुळीतच.

"सर," तो संध्याकाळी म्हणाला, "इथे तुटल्यासारखं लागत नाही हाताला."

"मग झिजला असेल. तीन हजार वर्षांत तुझा माझाही काठ झिजेल."

"बूड टिंबांनी दाखवतो मग."

"दाखव की. नको कोण म्हणतंय?"

आणि त्याने दाखवलं. बुडाच्या दोन्ही बाजू मिळून अठरा टिंबं.

सहा महिन्यांनी पुस्तक छपाईला जायच्या वेळी सरांनी त्याला खोलीत बोलावलं. चित्र समोर होतं. "हे छापून नीट उठत नाही रे. टिंबं पुसट येतात आणि चषक हवेत तरंगल्यासारखा दिसतो. सलग कर."

"पण सर, बूड आपल्याला मिळालेलं नाही."

"मिळालं नाही म्हणजे नव्हतं असं नाही ना?" सर म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, "आणि तुझ्या कायम होण्याचा कागद ह्या आठवड्यात वर पाठवायचाय, मला आठवण कर."

सर वाईट माणूस नव्हते. त्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध त्यांच्या मनात असेलच असं नाही. पण सात वर्षं हंगामी असलेल्या माणसाच्या कानाला ती वेगवेगळी ऐकू येत नाहीत. रेघोबा टेबलावर परत आला, पेन भरलं आणि अठरा टिंबं जोडून टाकली. समोरचा चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आठवड्याने त्याने सरांना आठवण केली आणि दोन महिन्यांनी तो कायम झाला.

पुस्तक आलं. डिंक्याने ते उघडलं, चित्र बघितलं आणि मान हलवली. "बूड कधी सापडलं? मला कुणी काही सांगतच नाही इथे." उत्तराची वाट न बघता त्याने प्लास्टर कालवलं आणि चित्रावरून माप घेऊन चषकाला झकास बूड बसवलं, वरून काळा रंग दिला. त्याच्या लेखी रेघोबाने सलग काढलंय म्हणजे विषय संपला. हंगामाच्या शेवटी एकदाच येणारा फोटोग्राफर आदल्या वर्षी आलाच नव्हता, तो त्यानंतर आला. त्याने बुडासकट फोटो काढला.

मग त्या चषकाचं जे झालं ते कुणाच्याच हातात राहिलं नाही. खात्याच्या कागदांवर त्याचं चिन्ह आलं. फाटकावर सिमेंटचा पुरुषभर उंच चषक उभा राहिला. सरांनी अकरा ह्या आकड्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. त्या गावात पुजाऱ्यांचा मोठा मान होता, घराघरात धुराचे विधी चालत, असं शाळेतली मुलं पाठ करू लागली. तसली दुसरी वस्तू पुन्हा कधी निघाली नाही, त्यामुळे हिचा तोरा वाढतच गेला. रेघोबा निवृत्त झाला तेव्हा खात्याने त्याला पितळेचा चषकच दिला, खाली नाव कोरून. बायकोने तो कपाटावर ठेवला आणि त्यात टाचण्या ठेवायला लागली. त्या भोकांतून खाली पडायच्या, म्हणून तिने आत कापूस भरला.

तीन वर्षांनी तिची निवृत्ती आली. "उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली. "घ्यायला या. सामान आहे, आणि बायकांना तुम्हाला बघायचंय. तीस वर्षं मी सांगतेय की मला नवरा आहे, कुणाचा विश्वास नाही."

तर रेघोबा आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात गेला. लांबलचक खोली, भिंतीला पांढऱ्या फरशा, ओळीने शेगड्या, वाफ, भांड्यांचा खणखणाट. त्याला स्टुलावर बसवलं. बायको पाठमोरी उभी राहून कुणाची तरी चेष्टा करत होती, सगळ्या हसत होत्या. तिच्या मागे दोन मोठ्या पातेल्यांत दूध तापत होतं आणि त्यातलं एक चढायला लागलं होतं. कुणाचं लक्ष नाही.

"अगं, दूध!" रेघोबा ओरडला आणि उठला.

सगळ्या बायका एकदम हसल्या. "बसा हो," एक म्हणाली. "मावशी बसलीय त्यात. उतू नाही जायचं."

"कोण मावशी?"

बायकोने त्याला दंडाला धरून पातेल्यापाशी नेलं. दुधाच्या मधोमध एक मोठं नरसाळं पालथं घातलेलं होतं. पसरट तोंड खाली, गळा वर, आणि गळ्याभोवती गोल फेर धरून भोकं. खालून उकळी आली की दूध गळ्यातून वर यायचं, काठावरून ओघळायचं आणि भोकांतून मुकाट्याने परत पातेल्यात जायचं. वर, बाहेर, खाली. वर, बाहेर, खाली. पातेल्याच्या कडेपर्यंत एक थेंब जात नव्हता.

"दुधावर लक्ष ठेवते म्हणून मावशी," बायको म्हणाली. "ही नसती तर एक बाई नुसती उभी करायला लागली असती."

रेघोबाने भोकं मोजली. नऊ. शेजारच्या पातेल्यातल्या नरसाळ्याला तेरा होती.

"भोकं किती पाडायची असतात?" त्याने विचारलं.

"किती म्हणजे? जमतील तेवढी."

दुसऱ्या कुणाला अशा वेळी आनंद झाला असता. जे कोडं उलगडलंय असं सगळे समजत होते, ते खरं तर आत्ता उलगडलं होतं, आणि ते त्याला एकट्याला कळलं होतं. रेघोबा परत स्टुलावर जाऊन बसला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अंगठ्याला लागलेला तो गुळगुळीत काठ त्याला आत्ता पुन्हा लागला. रोज येऊन आपटणाऱ्या दुधाने, रोज घासणाऱ्या हाताने झिजून गुळगुळीत झालेला. बूड नव्हतंच. वस्तू उलटी होती, आणि बूड त्याने स्वतः काढलं होतं.

निरोपाचा कार्यक्रम झाला, त्याने दोन शब्द बोलावेत म्हणून आग्रह झाला, तो काहीतरी बोलला. घरी आल्या आल्या त्याने कागद घेतला आणि दहा मिनिटांत चित्र काढलं. बूड नाही. पसरट तोंड खाली. तो कागद त्याने बायकोपुढे सरकवला.

"ही तर आमची मावशी," ती म्हणाली. "मातीची काढलीत वाटतं?"

"मातीचीच आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची." त्याने कपाटावरचा पितळी चषक काढला, कापूस, टाचण्या सगळं टेबलावर ओतलं आणि चषक उलटा धरून बूड मुठीत झाकलं. "ही बघ."

ती म्हणाली, "अगं बाई! आणि मी ह्यात टाचण्या ठेवत होते." आणि मग, "इतकी वर्षं तुम्ही हे शोधत होतात?"

"शोधत नव्हतो. आम्हाला सापडलं होतं."

"मला विचारायचंत तरी."

"ह्याला बूड होतं ना. बूड असल्यावर तुला तरी कसं ओळखू आलं असतं?"

"मग बूड आलं कुठून?"

"मी काढलं," रेघोबा म्हणाला, आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. अंगठा, टिंबं, कायम होण्याचा कागद. ऐकता ऐकता ती टेबलावरच्या टाचण्या एकेक करून गोळा करत होती.

"म्हणजे तिथेही एक बाई होती," शेवटी ती म्हणाली. "तिलाही दुधापाशी उभं राहायला वेळ नव्हता. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिची वस्तू पुजाऱ्याच्या हातात दिलीत."

रेघोबाला ते वाक्य फार लागलं. रात्रभर नाही, पुढचे कितीतरी दिवस लागलं. सरांचं चुकलं, खात्याचं चुकलं, हे त्याला पचलं असतं. पण एक बाई होती, तिचं घर होतं, चूल होती, आणि तिची मातीत उरलेली एकुलती एक खूण त्याने अठरा टिंबं जोडून पुसून टाकली होती. आता उरलेल्या आयुष्यात काही करायचं असेल तर एवढंच, असं त्याने ठरवलं. ती वस्तू सुलटी करायची.

मोठे सर वारले होते. डिंक्याही जाऊन सहा वर्षं झाली होती. खात्याच्या प्रमुख आता सरांच्याच एक विद्यार्थिनी होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. पुस्तकाची नवी आवृत्ती महिन्याभरात छपाईला जायची होती. रेघोबा दोन्ही चित्रं घेऊन गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून गेला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बसवलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"काका, हे खरं असेल तर सरांचं निम्मं पुस्तक जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे," मॅडमही म्हणाल्या, आणि रेघोबाला वाटलं हिचे पाय धरावेत. "चुलीजवळ सापडलं होतं, हे तर मलाही कधीपासून खटकतंय. पण नुसतं सारखं दिसतं म्हणून मला लिहिता येणार नाही. काठ बघायला लागेल. डिंक्याकाकांचं बूड उतरवू. खाली काठ झिजलेला, गुळगुळीत निघाला, की बूड नव्हतं हे सिद्ध झालं. मग मी स्वतः दुरुस्ती लिहिते."

दोन दिवसांनी सकाळी जोडकामाच्या खोलीत चषक आणला. डिंक्याच्या जागी आता एक शांत बाई होती. तिने प्लास्टरभोवती ओला कापूस गुंडाळला, दर तासाने बदलत राहिली. रेघोबा समोर बसून होता. जेवायला उठला नाही. त्याला अगदी खात्री होती, आणि इतक्या वर्षांत त्याला कशाचीही एवढी खात्री वाटली नव्हती. चारच्या सुमाराला प्लास्टर मऊ झालं. बाईने लाकडी काडीने कड सैल केली आणि बूड अलगद हातात घेतलं.

खाली काठ सपाट होता. गोल फिरून सगळीकडे, एकसारखा सपाट, आणि त्यावर बारीक बारीक तिरप्या रेघा.

"कानस मारलीय," बाई म्हणाली. "प्लास्टर नीट धरावं म्हणून. मीही अशीच मारते. फार सफाईने केलंय."

रेघोबाने अंगठा फिरवला. अंगठा अडकला. जो काठ त्याला हवा होता तो डिंक्याने सत्तावीस वर्षांपूर्वी भुकटी करून फुंकून टाकला होता, आणि रेघोबाच्याच चित्रावर विश्वास ठेवून टाकला होता.

"आतून काही मिळेल का?" मॅडमनी विचारलं. "दुधाचा काही अंश?"

"आत पांढरं साचलेलं होतं असं नोंदीत आहे," बाई वही बघत म्हणाली. "पण त्याच वेळी आम्लाने धुतलंय. वर दोनदा लाखेचा लेप आहे. तपासायला काही उरलेलं नाही."

"पण मी हात लावला होता ना!" रेघोबा म्हणाला. "मी सांगतोय ना, गुळगुळीत होता."

"तुमच्या चित्रात तसं नाही, काका." मॅडम हे हळू म्हणाल्या. मूळ चित्र त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. "पेन्सिलीचं कच्चं काही आहे? टिंबांचं?"

"खोडलं. मी कधी ठेवत नाही."

मॅडमनी चित्र खिडकीच्या उजेडात धरलं, तिरपं केलं, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. "काही दिसत नाही. तुमच्यासारखं खोडणारं खरंच दुसरं कुणी झालं नाही." त्या मनापासून म्हणाल्या होत्या. रेघोबाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

मग त्यांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. "एक मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या. मुळात टिंबं होती, सांगण्यावरून सलग केली, काठ गुळगुळीत होता. खाली सही. मी नव्या पुस्तकात पहिल्या पानावर छापते. वस्तू गप्प बसली तरी काढणारा माणूस बोलतोय, तेवढं मला पुरे आहे."

रेघोबाला एकदम हलकं वाटलं. एवढंच? त्याने पेन उघडलं.

"फक्त एक सांगा," मॅडम म्हणाल्या, "कारण लोक विचारणारच. असं ह्या एकाच चित्रात झालं ना?"

'हो' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता.

"कारण तुमची तीन हजार आठशे चित्रं आहेत, काका. कोठीचं छप्पर पडलं त्यात निम्म्या वस्तूंचा चुरा झाला. त्यांचं आता तुमच्या चित्राशिवाय जगात काही नाही. जगभरची माणसं त्यावरून अभ्यास करतात. म्हणून विचारते. हे एकच ना?"

शब्द जिभेवरून मागे गेला. त्या दिवसानंतर सरांना पुन्हा कधी सांगायला लागलं नव्हतं. टिंबं छापून उठत नाहीत हे रेघोबा शिकला होता. मग कुठे बोटभर काठ नसला, कुठे बांगडीचा तुकडा कमी असला, कुठे सुरईच्या कानाचं टोक गेलेलं असलं, की तो आपलं आपणच... कितीदा? कायम झाल्यावर माणूस असं मोजत बसत नाही.

"घरी बघून सांगतो," तो म्हणाला. कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि पुस्तकाचे पाचही खंड पिशवीत भरून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो खिडकीपाशी टेबल ओढून बसला. बायको शेजारी बसली. त्याची कल्पना अशी होती की हाताला आठवेल. जिथे खरंच बघून काढलं तिथे रेघ ठाम असेल, जिथे अंदाजाने ओढली तिथे कुठेतरी कापरं, कुठेतरी शाई जास्त, काहीतरी असेलच. त्याने भिंग घेतलं आणि पहिला खंड उघडला. चाळीस पानं झाली. रेघ कुठेच कापली नव्हती. त्याचा हात खरं सांगताना जितका स्थिर होता तितकाच दुसऱ्या वेळीही होता.

"हे काय आहे?" बायकोने एका चित्रावर बोट ठेवलं.

"बांगडी. शंखाची. ही मला आठवते. अर्धीच मिळाली होती."

"पण ही तर पुरी गोल आहे."

"हो."

"ह्यातली अर्धी कुठली मिळालेली?"

रेघोबाने भिंग जवळ नेलं, लांब नेलं. पुस्तक फिरवलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

तिने पान उलटलं. "ही सुरई? हिचा कान?"

"माहीत नाही."

"हे झाकण?"

"नको विचारू गं."

ती तरी विचारत राहिली, कारण तिला वाटत होतं की एखाद्या वेळी तो ठामपणे काहीतरी म्हणेल, आणि त्याला धरून वर येता येईल. तसं एकही चित्र निघालं नाही. दुपार कलली तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

"एवढं एक तरी लिहून द्या," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे. त्या बाईचं तेवढं लिहा."

"हे एक लिहिलं की बाकीचं सगळं जातं. उद्या कुठल्याही रेघेवर बोट ठेवून विचारतील, ही बघितली होतीस का? जसं तू विचारलंस."

"मग?"

बत्तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं आणि त्यातलं कुठलं खरं होतं ते त्यालाच सांगता येत नव्हतं. तो खिडकीपाशी तसाच बसून राहिला आणि हुंदका आला तेव्हा बायकोपासून तोंड लपवण्याचीही त्याला शुद्ध राहिली नाही. तिने पाचही खंड पिशवीत भरून दारापाशी ठेवले.

सोमवारी तो कचेरीत गेला. मॅडम जोडकामाच्या खोलीत होत्या. टेबलावर ती वस्तू बुडाविना ठेवली होती, पसरट तोंड खाली, गळा वर, कुणीतरी सहज ठेवावी तशी. रेघोबाने तिच्याकडे बघायचं टाळलं. खिशातला कोरा कागद काढून त्याने टेबलावर ठेवला.

"बूड होतं," तो म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. "काका?"

"होतं. माझ्या आठवणीत घोळ झाला. वय झालं आता."

"नक्की?"

"रेघ सलग आहे ना मॅडम. नसतं बघितलं तर टिंबं दिली असती."

मॅडमना कळलं की नाही कोण जाणे. कळलंही असेल. त्यांनी तो कागद उचलला, उघडून बघितला आणि बाजूला ठेवून दिला. छपाईला तीन आठवडे उरले होते आणि त्यांना दुसरी कामं होती. जोडकामवाल्या बाईने वस्तू उचलून उलटी केली आणि प्लास्टरचा डबा ओढला.

"जुनं बूड काढून ठेवलं होतं, ते वाळताना तडकलं," ती म्हणाली. "पुस्तक हाताशी आहे का कुणाच्या? माप लागेल."

"उंची साडेचार सेंटिमीटर," रेघोबा म्हणाला. "खालची रुंदी सहा. गळ्यापाशी अडीच."